डोळे अंधाराला सरावायला पाऊण तास, आणि गाडीच्या दिव्याने तीन सेकंदात सगळं गेलं. असं का होतं?

शनिवारचं_आकाश:

गेल्या शनिवारी आम्ही सहा जण भंडारदऱ्याच्या वर साम्रदला आकाश बघायला गेलो होतो. अमावास्या जवळ आलेली आणि थंडी अशी की चहा कपात ओतेपर्यंत गार होत होता. जेवणं आटोपून साडेनऊला सगळे दिवे बंद केले आणि शेताच्या बांधाजवळ सतरंज्या टाकून आडवे झालो. पहिली पाच-दहा मिनिटं ठळक तारे सोडले तर विशेष काही नाही, मग हळूहळू आकाश भरत गेलं आणि पाऊण तासाने देवयानी दीर्घिकेचा तो धुरकट ठिपका दुर्बिणीशिवाय दिसायला लागला, माझी चौदा वर्षांची मुलगी तर म्हणाली बाबा तो ठिपका नाहीये, लांबट आहे.

तेवढ्यात आमच्यातल्या एकाला स्वेटर हवा होता म्हणून त्याने बसल्या जागेवरून गाडीचं लॉक उघडलं. चारही इंडिकेटर, हेडलाइट, आतला दिवा, सगळं एकदम पेटलं, आणि गाडीचं तोंड आमच्याकडेच. दोन-तीन सेकंद फार तर. पण नंतर वर बघितलं तर आकाश निम्मं रिकामं, देवयानी गायब, आणि डोळ्यासमोर हेडलाइटचा हिरवट डाग तरंगतोय.

तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे असं एकतर्फी का? अंधारातून उन्हात आलो की डोळे दिपतात पण मिनिटभरात सगळं ठीक. उन्हातून अंधारात गेलो की मात्र अर्धा-पाऊण तास. आणि तो मिळवलेला पाऊण तास तीन सेकंदात जातो. डोळ्यात नक्की काय भरत असतं जे इतकं हळू भरतं आणि इतकं पटकन सांडतं? शिवाय माझे वडील ६८ वर्षांचे, ते पण आले होते, त्यांना आमच्यापेक्षा खूपच वेळ लागला आणि शेवटपर्यंत देवयानी दिसलीच नाही, त्याचं त्यांना वाईट वाटलं. मी कॉमर्सवाला, बायोलॉजी दहावीला सुटली, पण कुणी जाणकार असेल तर सविस्तर सांगा, प्रोटीन्सची नावं आली तरी चालतील, सोपं करताना खरं ते गाळू नका.

कॉफीवाला:

बाहुलीचा खेळ आहे हा. अंधारात बाहुली मोठी होते म्हणून जास्त उजेड आत जातो, दिवा लागला की झटकन लहान होते. मोठी व्हायला वेळ लागतो, लहान पटकन होते. आरशासमोर बॅटरी घेऊन बघा, लगेच कळेल.

आउटर_सेगमेंट:

कॉफीवाला, बाहुलीचा वाटा आहे पण लहान आहे. अगदी बारीक असते तेव्हा बाहुलीचा व्यास २ मिलिमीटरच्या आसपास आणि पूर्ण उघडी असते तेव्हा ८, म्हणजे क्षेत्रफळात १६ पट फरक. चांदण्यांचा उजेड आणि दुपारचं ऊन यांत कोट्यवधी पटींचा फरक असतो. बाकीचं सगळं पडद्यातल्या पेशी करतात, आणि त्या पेशींमधली प्रोटीन्स. मी सात वर्षं दंडपेशींवरच काम करतेय (उंदरांच्या) त्यामुळे राहवलं नाही, लांबलचक लिहितेय, चालवून घ्या.

आपल्या प्रत्येक डोळ्यात १० कोटींच्या आसपास दंडपेशी असतात, मंद उजेडासाठी, आणि ६० लाखांच्या आसपास शंकूपेशी, दिवसासाठी आणि रंगांसाठी. दंडपेशीचं टोक म्हणजे पापडांची उभी चळत डोळ्यासमोर आणा, एकावर एक जवळपास हजार चकत्या, आणि त्या चकत्यांच्या पातळ पापुद्र्यात रोडॉप्सिन खचाखच भरलेलं. एका दंडपेशीत साधारण १० कोटी रेणू. रोडॉप्सिनचे दोन भाग असतात, ऑप्सिन नावाचं प्रोटीन जे पापुद्र्यातून सात वेळा आरपार जातं, आणि त्या सात दांड्यांच्या मधोमध बसलेला रेटिनल, जो व्हिटॅमिन ए पासून बनतो. हा रेटिनल अंधारात वाकडा असतो. एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, येऊन आदळला की तो सरळ होतो. किती वेळात? एका सेकंदाचे पाच लाख कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागात. आपण ज्याला बघणं म्हणतो त्यात प्रकाशाचं काम इथेच संपलं, पुढचं सगळं अंधारात पण चालू शकतं.

वाकडा रेटिनल सरळ झाला की ऑप्सिनला त्या आकारात राहता येत नाही, त्याचा पण आकार बदलतो आणि ते जागं होतं. जागं झालेलं रोडॉप्सिन शेजारून जाणाऱ्या ट्रान्सड्युसिन नावाच्या प्रोटीनला जागं करतं, एकाला नाही, एकामागून एक कितीतरींना. प्रत्येक ट्रान्सड्युसिन पुढे फॉस्फोडायएस्टरेज नावाच्या एन्झाइमचा लगाम सोडतं आणि ते एन्झाइम सीजीएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तोडत सुटतं.

आता गंमत बघा, अंधारात दंडपेशी झोपलेली नसते. तिच्या आवरणातले चॅनेल (बारीक दारं म्हणा) सीजीएमपीमुळे उघडे असतात, सोडियम आणि कॅल्शियम सतत आत येत असतं, आणि ती पुढच्या पेशीला सतत ग्लुटामेट नावाचा निरोप्या रेणू पाठवत असते. म्हणजे नळ अंधारात चालू असतो आणि उजेड पडला की बंद होतो. सीजीएमपी तुटला, चॅनेल मिटले, ग्लुटामेट कमी झालं, या कमी होण्यालाच मेंदू उजेड म्हणतो. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत फिरत होते. आणि ही साखळी इतकी तयारीची आहे की एका फोटॉनला दंडपेशी उत्तर देते, १९७९ मध्ये बेलर, लँब आणि याऊ यांनी भेकाच्या एकेका दंडपेशीचा करंट काचेच्या बारीक नळीत धरून हे मोजून दाखवलं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होण्यात नाही, थांबण्यात आहे. विचार करा, एक फोटॉन आला आणि रोडॉप्सिन जागं झालं आणि तसंच जागं राहिलं तर? ती पेशी उजेड उजेड ओरडतच राहील, पुढचा फोटॉन आलेला तिला कळणारच नाही. म्हणून प्रत्येक पायरीला ब्रेक आहे, आणि माझ्या मते डोळ्यातलं सगळ्यात देखणं काम या ब्रेकचं आहे. रोडॉप्सिनची एक शेपटी पेशीच्या आतल्या बाजूला लोंबत असते. जीआरके१ नावाचं एन्झाइम त्या शेपटीवर फॉस्फेट लावतं, एक, दोन, तीन, आणि तीन लागले की अरेस्टिन नावाचं प्रोटीन येऊन त्यावर टोपीसारखं बसतं. टोपी बसली की ट्रान्सड्युसिनला जागाच उरत नाही. उंदरात हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत होतं. तिकडे ट्रान्सड्युसिनला पण थांबवावं लागतं, त्याचं घड्याळ त्याच्यातच असतं पण ते फार हळू चालतं, त्याला घाई करायला आरजीएस९ लागतं. ज्या उंदरांमध्ये आरजीएस९ नसतं त्यांच्या दंडपेशीत एका चमकीचा परिणाम कित्येक सेकंद रेंगाळतो, मी स्वतः स्क्रीनवर तो आलेख बघितलाय, रेषा खाली येता येत नाही.

आणि या ब्रेकवर नजर ठेवतं कॅल्शियम. चॅनेल मिटले की कॅल्शियम आत येणं थांबतं पण बाहेर टाकणारा पंप चालूच असतो, त्यामुळे आतलं कॅल्शियम घसरतं. ते घसरलं की दोन गोष्टी होतात. रिकव्हरिन नावाचं प्रोटीन अंधारात जीआरके१ ला धरून बसलेलं असतं, कॅल्शियम कमी झालं की ते त्याला सोडून देतं, म्हणजे ब्रेक कडक होतो. आणि जीकॅप नावाची प्रोटीन्स सीजीएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला जोर देतात, म्हणजे तुटलेला माल भरून यायला लागतो. हे सगळं सेकंदांत. म्हणून अंधारातून उजेडात आलं की डोळे इतक्या पटकन सावरतात: नवीन काही बनवायचंच नसतं, असलेली बटणं फिरवायची असतात, आणि दिवसा तसंही शंकूपेशी काम हातात घेतात.

उलट्या दिशेला मात्र माल लागतो. एकदा सरळ झालेला रेटिनल दंडपेशीला परत वाकवता येत नाही. तो ऑप्सिनमधून सुटतो आणि त्याला पडद्यामागच्या काळ्या थरात पाठवावं लागतं, त्याला आम्ही आरपीई म्हणतो. तिथे आरपीई६५ नावाचं एन्झाइम त्याला पुन्हा वाकवतं, मग तो परत दंडपेशीकडे येतो आणि रिकाम्या ऑप्सिनमध्ये जाऊन बसतो. दिवसभर उन्हात फिरलेल्या डोळ्यात बरंचसं रोडॉप्सिन असं रिकामं झालेलं असतं आणि ही ने-आण आपल्या गतीनेच होते, अर्धा तास, कधी जास्त. शंकूपेशींना हे काम पाच-दहा मिनिटांत जमतं, म्हणून तुम्हाला पहिल्या दहा मिनिटांत थोडं दिसलं, मग थबकलं, मग खरं आकाश उघडलं.

आता हेडलाइट. तीन सेकंदात रोडॉप्सिनचा फार थोडा हिस्सा रिकामा झाला असणार, सगळा साठा सांडला असं नाही. पण रिकामं ऑप्सिन गप्प बसत नाही, ते ट्रान्सड्युसिनला अधूनमधून उगाच चाळवत राहतं, अगदी क्षीण, पण अशी लाखो असली तर पेशीला वाटतं मागे कुठेतरी मंद दिवा जळतोय. त्या खोट्या दिव्याच्या उजेडात तुमची देवयानी बुडाली. फक्त थोडाच हिस्सा रिकामा झालेला असल्यामुळे ती परत यायला पूर्ण पाऊण तास नाही लागणार, काही मिनिटांत बरंचसं परत यायला हवं. तुम्ही थांबलात का तेवढं?

शनिवारचं_आकाश:

तुमचे किती आभार मानू. दोनदा वाचलं, मुलीला वाचून दाखवलं, ती म्हणते पापडांची चळत मी वहीत काढणार. आणि हो, बरोबर आहे तुमचं, आम्ही चिडचिड करून चहा प्यायला बसलो, दहा-बारा मिनिटांनी परत आडवे झालो तेव्हा बरंच आलं होतं, पण मी समजत होतो की आता पुन्हा पहिल्यापासून पाऊण तास.

अजून एक. आम्ही टॉर्चला लाल जिलेटिन पेपर लावतो, सगळेच लावतात, ते खरंच उपयोगाचं आहे का नुसती पद्धत? आणि वडिलांचं कुणी सांगेल का?

आउटर_सेगमेंट:

खरंच उपयोगाचं आहे. रोडॉप्सिन ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळसर हिरवा उजेड सगळ्यात जास्त पकडतं, आणि गडद लालकडे गेलं की त्याची पकड फार घसरते. लाल बघणाऱ्या शंकूपेशी मात्र तिथे चालतात. म्हणजे नकाशा शंकूपेशींनी वाचायचा आणि दंडपेशींना कळूच द्यायचं नाही. फक्त एक पदर जिलेटिन पुरत नाही, टॉर्च जोरदार असेल तर दोन-तीन पदर लावा, उजेड मंदच हवा.

हे घरी बघायचं असेल तर दारातली जास्वंद बघा. दिवेलागणीच्या वेळी लाल फूल पानांच्या आधी काळवंडतं आणि पानं उगाच उजळ वाटायला लागतात, दुपारी नेमकं उलटं होतं. शंकूपेशींकडून दंडपेशींकडे कारभार जातो तो हा क्षण, मी अजूनही आईकडे गेले की अंगणात उभी राहून बघते.

आणि देवयानीकडे थेट बघू नका, किंचित बाजूला बघा. नजरेच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतातच, त्या बाजूला दाट असतात.

डोळस:

मी तालुक्याच्या गावी डोळ्यांचा दवाखाना चालवतो. वडिलांबद्दल सांगतो.

वय झालं की अंधाराला सरावणं हळू होतंच. बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, भिंग पिवळट होतं, आणि वर ताईंनी तो काळा थर सांगितला ना, त्याच्या खाली वयाबरोबर थर साचत जातो, मग व्हिटॅमिन ए ची ने-आण मंदावते. हे इतपत सगळ्यांना होतं. पण ६८ व्या वर्षी "खूपच वेळ लागतो" असं घरच्यांच्या लक्षात येत असेल तर मी वाट बघणार नाही. मोतीबिंदू असू शकतो, शुगर असेल तर पडद्यावर परिणाम असू शकतो, आणि पडद्याच्या मध्यभागाची वयाप्रमाणे होणारी झीज सुरू होते तेव्हा नजर तक्त्यावर चांगली असताना सुद्धा अंधाराला सरावायला लागणारा वेळ आधी वाढलेला सापडतो. बाहुलीत थेंब टाकून पडदा एकदा तपासून घ्या. जाताना गाडी त्यांना चालवायला देऊ नका, थेंबांनी चार-सहा तास धूसर दिसतं.

हा विषय निघालाच आहे तर थोडं अजून. लहान मूल संध्याकाळी अंगणात अडखळायला लागलं, ताटातलं चाचपडायला लागलं, की आमच्या भागात अजूनही लोक म्हणतात नजर कमजोर आहे, चष्मा द्या. तो रातांधळेपणा असू शकतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग दिसला तर जवळपास नक्कीच व्हिटॅमिन ए ची कमतरता. ऑप्सिन तयार आहे पण आत बसायला रेटिनलच नाही, अशी अवस्था. योग्य डोस दिला की एक-दोन दिवसांत मूल संध्याकाळी पळायला लागतं, त्या आईचा चेहरा बघण्यासारखा असतो. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात १ लाख युनिट, मग दर वेळी २ लाख, असे पाच वर्षांपर्यंत ९ डोस असतात, ते चुकवू नका. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई, आंबा, गाजर हे सगळं चांगलं, पण बरोबर थोडं तेल-तूप हवं, नाहीतर अंगी लागत नाही.

आणि ज्यांच्या शरीरात ते पुरेसं आहे त्यांनी गोळ्या खाऊन रात्रीची नजर वाढत नाही, उलट जास्त झालं तर यकृताला त्रास होतो आणि गरोदरपणात बाळाला धोका. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्या तरुण मुलामुलींना पण कधी कधी रात्री गाडी चालवताना कमी दिसतं, कारण ते औषध याच वाकवायच्या यंत्रणेत अडथळा आणतं. असं वाटलं तर आपल्या डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

खडूफळा:

मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, आणि आउटर_सेगमेंट यांनी काळ्या थराबद्दल लिहिलंय ते वाचून मला राहवेना कारण ती गोष्ट पहिल्यांदा कशी सापडली ते मी दरवर्षी वर्गात सांगते.

१८७६ मध्ये फ्रान्झ बोल नावाच्या जर्मन माणसाने रोममध्ये बेडकाचा पडदा काढून बघितला तर तो लालसर होता आणि उजेडात त्याच्या डोळ्यांदेखत फिका पडत गेला. मग हायडेलबर्गला विल्हेल्म क्यूने यांनी यावर ठाण मांडलं. त्यांनी काय केलं तर फिका पडलेला पडदा अंधारात ठेवला, रंग परत येतो का बघायला. मागच्या काळ्या थरापासून सोलून वेगळा काढलेला असेल तर येत नव्हता. तोच पडदा पुन्हा अलगद त्या थरावर टेकवला की रंग परत यायचा! कसलं औषध नाही, यंत्र नाही, नुसतं टेकवणं. म्हणजे काहीतरी तिकडून इकडे येतंय हे १८७७-७८ लाच कळलं होतं. ते काहीतरी व्हिटॅमिन ए आहे हे १९३३ मध्ये जॉर्ज वाल्ड यांनी पडद्यात ते शोधलं तेव्हा हळूहळू उलगडत गेलं, त्यांना १९६७ चं नोबेल मिळालं दोघांबरोबर विभागून. आणि वाकवण्याचं काम करणारं एन्झाइम आरपीई६५ च आहे हे नक्की झालं २००५ मध्ये. सव्वाशेच्या वर वर्षं.

क्यूनेंचा सशाचा प्रयोग पण आहे, सशाला आधी अंधारात ठेवून मग गजांच्या खिडकीकडे तोंड करून ठेवला आणि नंतर त्याचा पडदा तुरटीत पक्का केला तर त्यावर खिडकीचे गज उमटलेले. मुलं सशासाठी हळहळतात, मी पण हळहळते, पण रोडॉप्सिन म्हणजे डोळ्यात लपलेली फिल्म आहे हे त्यांना जन्मभर लक्षात राहतं. फक्त ही फिल्म परत परत धुऊन वापरता येते.

दुसरी_बाजू:

वाचनमात्र असते इथे, पहिल्यांदाच लिहितेय. आउटर_सेगमेंट तुम्ही ते आरजीएस९ लिहिलंत ना, उंदरांच्या रेषा खाली येत नाहीत ते, माझ्या मावसभावाला हेच आहे, उंदीर नाही तो, माणूस आहे, पुण्यात नोकरी करतो.

लहानपणी आम्ही सुट्टीत एकत्र असायचो. घरातून उन्हात आला की तो दारात भिंतीला हात लावून उभा राहायचा, दहा-पंधरा सेकंद, आम्ही सगळे पुढे पळालेलो. त्याला विचारलं तर म्हणायचा पांढरं झालंय सगळं. क्रिकेटमध्ये चेंडू त्याला दिसायचाच नाही, म्हणजे पडलेला चेंडू दिसायचा, येणारा नाही, सगळे त्याला भित्रा म्हणायचे आणि मी पण म्हटलंय, त्याचं आज फार वाईट वाटतं. एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं की डोळे उत्तम आहेत, मुलगा लक्ष वेधून घेतोय, समुपदेशन करा. मावशी दोन वर्षं त्या समुपदेशनाला नेत होती. शेवटी तो सव्वीस वर्षांचा असताना दुसरीकडे एका तरुण डॉक्टरांनी ती पडद्याच्या करंटची तपासणी केली, एक चमक देऊन लगेच दुसरी चमक, आणि दुसऱ्या चमकीला पडदा जवळजवळ उत्तरच देईना, चमकींमधलं अंतर वाढवलं तर दिलं. मग रक्ताची जीन टेस्ट. दोष आरजीएस९ मध्ये नाही, त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या प्रोटीनमध्ये निघाला.

उपचार काही नाही म्हणाले पण वाढणार पण नाही. गडद चष्मा आणि टोपी, बस. पण रिपोर्ट हातात आला त्या दिवशी त्याने फोन करून मला फक्त एवढंच सांगितलं की ताई, मी भित्रा नव्हतो.

आउटर_सेगमेंट:

दुसरी_बाजू, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. याला ब्रॅडीऑप्सिया म्हणतात, म्हणजे संथ दृष्टी, आणि त्यामागचा जीनचा दोष २००४ मध्ये सापडला, त्यामुळे तुमचा भाऊ लहान असताना अनेक डॉक्टरांना हे नाव माहीत नसणं शक्य आहे, पण मुलाचं ऐकून न घेणं तेव्हाही चूकच होतं. धरून ठेवणारं प्रोटीन म्हणजे आर९एपी, त्याच्याशिवाय आरजीएस९ टिकतच नाही, म्हणून दोघांपैकी कुणातही दोष असला तरी लक्षण एकच. शंकूपेशींमध्ये आरजीएस९ दंडपेशींपेक्षा कितीतरी जास्त असतं, वेगाने हलणाऱ्या गोष्टी बघायच्या तर ब्रेक तितकेच जलद हवेत, म्हणून येणारा चेंडू हरवतो आणि पडलेला दिसतो. त्यांनी जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं.

दुसऱ्या ब्रेकचा दोष पण माणसांत दिसतो. अरेस्टिन किंवा जीआरके१ बिघडलं तर ओगुची आजार होतो, जपानच्या चूटा ओगुचींनी १९०७ मध्ये पहिल्यांदा नोंदवला. दिवसा नजर ठीक, पण रात्री अंधाराला सरावायला तासन्‌तास लागतात, कारण टोपीच बसत नाही आणि जागं झालेलं रोडॉप्सिन आपणहून विझेपर्यंत थांबावं लागतं. अशा डोळ्याचा पडदा आतून सोनेरी झाक मारतो, आणि पेशंटला दोन-तीन तास किंवा त्याहून जास्त पूर्ण अंधारात बसवलं की ती झाक निघून जाते.

आणि जन्मतःच आरपीई६५ नसणाऱ्या मुलांसाठी आता उपचार आहे, चांगला जीन पडद्याखाली इंजेक्शनने सोडायचा, अमेरिकेत डिसेंबर २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. अफाट महाग आहे, ते बदलायला हवं. पण मंद उजेडात पाऊल टाकू न शकणारी मुलं त्यानंतर अडथळे चुकवत चालत जातात. ब्रॅडीऑप्सियासाठी असं अजून काही नाही, पण कोणतं प्रोटीन ते माहीत असणं ही पहिली पायरी असते. भावाला माझा नमस्कार सांगा.

शनिवारचं_आकाश:

महिन्याभराने परत लिहितोय. डोळस, तुमचं ऐकून वडिलांना दाखवलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, पडद्याचा मध्यभाग दोन्हीकडे ठीक आहे, शुगर थोडी वाढलेली. ऑपरेशन पुढच्या महिन्यात करतोय.

काल पुन्हा साम्रदला गेलो होतो. कृत्तिकेतले तारे मोजायचं ठरवलं, दर दहा मिनिटांनी, एकमेकांना न सांगता कागदावर लिहायचं, लाल टॉर्चला तीन पदर. मुलीचे सुरुवातीला ५, पन्नास मिनिटांनी ८. माझे ४ आणि ६. वडिलांचे दोन, मग तीन, मग बराच वेळ तीनच, आणि सव्वा तासाने त्यांनी हळूच सांगितलं, पाच. देवयानी त्यांना बाजूला बघायला सांगितलं तेव्हा एकदा दिसल्यासारखी वाटली, नक्की नाही म्हणाले, ऑपरेशननंतर परत येऊ. स्वेटरवाल्या मित्राने या वेळी गाडी पाठमोरी लावली होती आणि आतल्या दिव्यावर काळी चिकटपट्टी मारून आला होता, स्वेटर अंगातच.